गॉटलिब बिंडेस्बॉल: रंगीत संग्रहालयापासून कामगारांच्या वस्तीपर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डॅनिश वास्तुकला म्हटलं की आपल्याकडे एकदम सिडनीचं ऑपेरा हाउस आणि त्याचे रचनाकार यॉर्न उत्झन आठवतात. त्यांच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीच्या या माणसाबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं नाही. कोपनहेगनला जाऊन आलेले, जायच्या तयारीत असलेले आणि वास्तुकलेचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

बिंडेस्बॉल म्हणजे नेमके कोण?

मिकेल गॉटलिब बिंडेस्बॉल हे डेन्मार्कचे वास्तुरचनाकार. जन्म 5 सप्टेंबर 1800, कोपनहेगनजवळच्या लेडॉये गावात, धर्मगुरूंच्या घरी. मृत्यू 14 जुलै 1856. आयुष्य उणंपुरं 55 वर्षांचं आणि कामाचा काळ तर त्याहून कितीतरी आखूड, कारण पहिली मोठी इमारत हाती आली तेव्हा ते चाळिशीला टेकले होते.

जगभर त्यांचं नाव एका इमारतीमुळे घेतलं जातं: कोपनहेगनचं थोरवाल्डसेन संग्रहालय. पण त्यांच्या हातून चर्च झालं, नगरभवनं झाली, समुद्रकाठचं स्नानगृह झालं, मनोरुग्णांसाठी रुग्णालयं झाली आणि कॉलऱ्यानंतर कामगारांसाठी बांधलेली वस्तीही झाली. माझ्या मते त्यांचं मोठेपण या शेवटच्या दोन कामांशिवाय कळत नाही. म्हणून पुढे त्यांच्यावर जरा जास्त लिहिलं आहे.

त्यांचं शिक्षण कसं झालं?

सरळ रस्त्याने झालं नाही. आधी ते गिरण्या उभारण्याचं काम शिकले. म्हणजे लाकूड कसं जोडायचं, चक्राचा भार कुठे जातो, यंत्र कशाने अडतं, हे सगळं हाताने शिकलेला हा माणूस. त्याच सुमारास ते हान्स ख्रिश्चन ऑर्स्टेड यांच्या व्याख्यानांना बसू लागले. शाळेत विजेच्या चुंबकीय परिणामाच्या धड्यात तारेजवळची होकायंत्राची सुई हलताना पाहणारे जे ऑर्स्टेड भेटतात, तेच हे. त्यांनी तो शोध 1820 मध्ये लावला आणि 1822-23 मध्ये ते परदेश दौऱ्यावर निघाले, तेव्हा तरुण बिंडेस्बॉलला सोबत घेऊन गेले.

या दौऱ्यात पॅरिसला फ्रान्झ क्रिस्टियन गाउ या वास्तुरचनाकाराशी ओळख झाली आणि तिथून बिंडेस्बॉलच्या डोक्यात रंग शिरला. परत आल्यावर त्यांनी कोपनहेगनच्या कला अकादमीत रीतसर शिक्षण घेतलं आणि 1833 मध्ये अकादमीचं मोठं सुवर्णपदक मिळवलं. पदकाबरोबर परदेशवारीची शिष्यवृत्ती मिळाली आणि 1834 मध्ये ते रोमला निघाले.

"डोक्यात रंग शिरला" म्हणजे काय?

हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

त्या काळच्या युरोपात प्राचीन ग्रीक देवळं म्हणजे शुभ्र संगमरवर अशी पक्की समजूत होती. शुभ्रता म्हणजेच शुद्धता, आणि नव्या इमारतीही तशाच पांढऱ्या-करड्या, गंभीर हव्यात असं अकादम्यांमध्ये शिकवलं जाई. कोपनहेगनमध्ये या पंथाचे सर्वांत वजनदार पुरुष होते सी. एफ. हान्सेन. 1807 मध्ये ब्रिटिश तोफांनी शहराचा मोठा भाग जाळला. त्यानंतर शहराला जे करडं, भारदस्त रूप आलं, त्यात हान्सेन यांचा वाटा मोठा: क्रिस्टियन्सबोर राजवाडा, न्यायालय, मुख्य चर्च.

पण प्रत्यक्ष अवशेष तपासणाऱ्यांना दगडांच्या खाचांत निळ्या, तांबड्या, सोनेरी रंगांचे कण सापडत होते. देवळं रंगवलेली होती. सिसिलीतल्या देवळांवरून याक इन्यास इतॉर्फ यांनी हे मांडलं. गाउ यांचे विद्यार्थी गॉटफ्रीड सेम्पर यांनी 1834 मध्ये याच विषयावर पुस्तिका काढली. वाद चांगलाच पेटला. बिंडेस्बॉल यांनी या वादावर पुस्तक लिहिलं नाही. ते आधी इटलीत पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या रंगवलेल्या भिंती पाहायला गेले आणि मग ग्रीसला.

ग्रीसमध्ये त्यांनी काय केलं?

1835-36 मध्ये चित्रकार मार्टिनुस रॉरब्यू यांच्यासोबत ते ग्रीस आणि तुर्कस्तान फिरले. ग्रीस तेव्हा नुकताच स्वतंत्र झाला होता, अथेन्स 1834 मध्ये राजधानी झालं होतं आणि ॲक्रोपोलिस या प्राचीन देवळांच्या टेकडीवरचं तुर्की काळातलं बांधकाम उतरवलं जात होतं. तिथे त्यांचे देशबांधव क्रिस्टियन हान्सेन (करड्या कोपनहेगनचे सी. एफ. हान्सेन ते वेगळे) अथेना नाइकेचं छोटं देऊळ पुन्हा उभारण्याच्या कामात होते. तटबंदीत दगड म्हणून वापरलेले देवळाचे तुकडे एक एक करून बाहेर काढायचे, मोजायचे, जागेवर बसवायचे. वास्तुरचनाकाराला याहून चांगली शाळा मिळायची नाही. जुन्या रंगांचा मागही अशाच तुकड्यांवर लागतो.

या प्रवासाची सुरेख खूण एका चित्रात राहिली आहे. कॉन्स्टँटिन हान्सेन या चित्रकाराने 1837 मध्ये रोममधल्या आपल्या डॅनिश मित्रमंडळींचं चित्र काढलं. उघड्या दारातून ऊन आत येतंय, सगळे आपापल्या जागी उभे किंवा बसलेले आहेत आणि बिंडेस्बॉल मात्र जमिनीवर सतरंजीवर ऐसपैस पहुडलेत, डोक्यावर पूर्वेकडून आणलेली तांबडी फेझ टोपी. ते पाहिलेल्या मुलखाच्या गोष्टी सांगताहेत आणि बाकीचे ऐकताहेत. हे चित्र आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहात आहे. त्यातले यॉर्गन सॉने लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

थोरवाल्डसेन कोण होते आणि त्यांच्या नावाने संग्रहालय कशाला?

बेर्टेल थोरवाल्डसेन (1770–1844) हे त्या काळातले युरोपभर गाजलेले शिल्पकार. लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या गरीब कारागिराचा मुलगा 1797 मध्ये रोमला पोहोचला, जवळजवळ चाळीस वर्षं तिथे राहिला आणि पोप, राजे, सरदार त्याच्याकडे कामं घेऊन येऊ लागले. युरोप सहलीत स्वित्झर्लंडच्या ल्युसर्नला कड्यात कोरलेला मरणासन्न सिंह तुम्ही पाहिला असेल, तर थोरवाल्डसेन यांचं काम तुम्ही पाहिलं आहे. आराखडा त्यांचा, दगडातलं कोरीवकाम दुसऱ्यांचं.

डेन्मार्कची अवस्था तेव्हा वाईट होती. 1807 मध्ये राजधानी जळली, 1813 मध्ये सरकारचं दिवाळं निघालं, 1814 मध्ये नॉर्वे हातचा गेला. अशा देशाचा एक मुलगा जगात नाव काढून होता आणि त्याने आपली शिल्पं, साचे, चित्रांचा आणि प्राचीन वस्तूंचा संग्रह, सगळं कोपनहेगन शहराला द्यायचं ठरवलं. अट एक: ते ठेवायला स्वतंत्र जागा हवी. लोकांनी वर्गणी काढली, नगरपालिकेने भर घातली आणि राजा सहावा फ्रेडरिक याने राजवाड्याला लागून असलेला आपला बग्गीखाना दिला.

17 सप्टेंबर 1838 रोजी 'रोटा' ही युद्धनौका थोरवाल्डसेन यांना घेऊन कोपनहेगनच्या बंदरात आली. अख्खं शहर होड्या घेऊन पाण्यात उतरलं होतं.

अनुभव नसलेल्या माणसाला एवढं मोठं काम कसं मिळालं?

स्वतंत्रपणे उभारलेली एकही मोठी इमारत बिंडेस्बॉल यांच्या नावावर नव्हती, हे खरं. पण रोममध्ये असल्यापासून ते या संग्रहालयाची कल्पनाचित्रं काढत होते आणि थोरवाल्डसेन यांच्याशी त्यांची तिथेच जानपछान झाली होती. इतरांचे आराखडे आले. त्यांतले बरेचसे अकादमीच्या चाकोरीतले होते. म्हाताऱ्या शिल्पकाराचा कल मात्र बिंडेस्बॉल यांच्याकडे होता आणि तोच निर्णायक ठरला. बांधकाम 1839 मध्ये सुरू झालं.

संग्रहालय पाहताना नेमकं काय पाहायचं?

सावकाश सांगतो, कारण घाईत पाहिलं तर ही इमारत हातातून निसटते.

*बाहेरून.* नवी इमारत जुन्या बग्गीखान्याच्या जागेवर आणि काही अंशी त्याच्याच भिंतींवर उभी आहे. विटांचं बांधकाम, वर गिलावा. राजवाड्याच्या करड्या दगडी गांभीर्याशेजारी बिंडेस्बॉल यांनी हा गिलावा तापलेल्या पिवळ्या रंगाचा केला. दर्शनी बाजूला पाच प्रचंड दारं आहेत. ती वर जाताना किंचित अरुंद होत जातात, ग्रीक आणि इजिप्शियन देवळांच्या दारांसारखी. एवढ्याने भिंतीला जो ठामपणा येतो तो खांबांच्या रांगेने आला नसता. माथ्यावर विजयदेवता चार घोड्यांचा रथ हाकते आहे. हे ब्राँझ शिल्प एच. डब्ल्यू. बिसेन यांचं.

*भिंतीवरचं चित्र.* उरलेल्या तीन बाजूंना माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या आकृत्यांचा पट्टा फिरतो. तो रोमच्या चित्रातल्या यॉर्गन सॉने यांनी 1846 ते 1850 दरम्यान केला. हे रंगवलेलं चित्र नाही. रंग मिसळलेला गिलावा आकारानुसार कापून भिंतीतच बसवला आहे. काळा, तांबूस, पिवळा, जांभळट असे मोजके रंग, सपाट, सावली जवळजवळ नाहीच. जवळ जाऊन पाहिलं तर दोन रंगांच्या मधली कापल्याची रेघ दिसते. कालव्याकडच्या बाजूला थोरवाल्डसेन यांचं आगमन आहे: होड्या, उंच टोप्या हलवणारी माणसं, पुढे वाकून पाहणारी गर्दी. राजवाड्याकडच्या बाजूला जहाजातून उतरवलेली शिल्पं वाहून नेली जाताहेत.

या दुसऱ्या बाजूपाशी जरा जास्त वेळ थांबा. अस्तन्या सावरलेले हमाल, दोरखंड, लाकडी गाडे, ओझ्याने वाकलेल्या पाठी. देवादिकांच्या कथा जिथे अपेक्षित असतात त्या जागी, राजवाड्याच्या डोळ्यांसमोर, शहरातली साधी माणसं त्यांच्या रोजच्या कपड्यांत मोठ्या आकाराने उभी आहेत. हे काम चालू असतानाच, 1848 मध्ये, डेन्मार्कमधली निरंकुश राजेशाही संपली आणि पुढच्या वर्षी, 5 जून 1849 रोजी, देशाला राज्यघटना मिळाली. ही भिंत मला त्या बदलाचं सर्वांत बोलकं चित्र वाटते.

उत्तरेच्या ओल्या थंडीत मूळ पट्टा झिजत गेला आणि 1950 च्या दशकात तो नव्याने करावा लागला, हेही ध्यानात असू द्या.

*आत.* शिरल्या शिरल्या अर्धगोल छताचा मोठा दालनवजा प्रवेशकक्ष लागतो. तिथून लांब पडव्या निघतात आणि पडव्यांना लागून लहान लहान खोल्या. बहुतेक खोल्यांत एकच मुख्य शिल्प. भिंती गडद: एक तांबडी, पुढची हिरवी, मग जांभळी, मग पिवळसर. संगमरवर किंवा प्लास्टर या भिंतींपुढे असं उठून दिसतं की पांढऱ्या खोलीत ते किती हरवलं असतं ते लगेच कळतं. खिडक्या उंचावर आहेत. उजेड तिरका वरून उतरतो आणि गालाची, खांद्याची गोलाई दाखवतो. मूर्तीला पाठीमागून किंवा थेट समोरून उजेड दिला तर ती सपाट पडते, हे आपल्याकडच्या कुठल्याही मूर्तिकाराला विचारा.

खाली फरशी पाहायला विसरू नका. जवळजवळ प्रत्येक खोलीत नक्षी वेगळी. वर छतांवर पॉम्पेईच्या धर्तीची वेलबुट्टी, तीही प्रत्येक ठिकाणी निराळी. ही कामं तरुण चित्रकारांना वाटून दिली होती. पुढे ज्यांना डेन्मार्कने आपल्या सर्वश्रेष्ठ चित्रकारांत गणलं, ते क्रिस्टेन कॉब्के त्यांच्यातले एक.

*चौक.* मध्यभागी उघडा चौक आहे, वाड्यात असावा तसा. त्याच्या भिंतींवर ताड, ओक आणि लॉरेलची झाडं व धावते रथ रंगवले आहेत. आणि मधोमध थोरवाल्डसेन यांची समाधी.

संग्रहालयात समाधी? हे विचित्र नाही का?

ऐकताना वाटतं, तिथे उभं राहिलं की वाटत नाही. थोरवाल्डसेन 24 मार्च 1844 रोजी नाट्यगृहात खेळ सुरू होण्याच्या बेतात असतानाच गेले. इमारत अर्धवट होती, त्यामुळे पार्थिव आधी मुख्य चर्चमध्ये ठेवलं आणि 1848 मध्ये चौकातल्या दफनस्थानी आणलं. माथ्यावर मोठा दगडी मनोरा नाही, छत्री नाही. जमिनीलगतचा साधा चौथरा आणि त्यावर हिरवळ. बाजूच्या पडव्यांमधून त्यांच्याच हातची शिल्पं दिसतात.

18 सप्टेंबर 1848 रोजी संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. डेन्मार्कमध्ये संग्रहालय म्हणूनच बांधलेली ही पहिली इमारत.

लोकांना ती आवडली का?

सगळ्यांना नाही. सी. एफ. हान्सेन यांच्या करड्या शिस्तीत वाढलेल्या डोळ्यांना हा पिवळा रंग आणि भिंतीवरची हमालांची गर्दी बेताल वाटणं साहजिक होतं. पण सामान्य कोपनहेगनकरांना भिंतीवर आपलं शहर दिसत होतं. आणखी एक: शेजारचा राजवाडा 1884 मध्ये आगीत खाक झाला, संग्रहालय वाचलं. हान्सेन यांच्या राजवाड्यातलं त्यांचं चर्च तेवढं उरलं आहे. आज जो क्रिस्टियन्सबोर दिसतो तो विसाव्या शतकातला.

संग्रहालयानंतर त्यांनी काय काय बांधलं?

बांधकाम चालू असतानाच, 1844-45 मध्ये, कोपनहेगनच्या उत्तरेला क्लाम्पेनबोर इथे समुद्रकाठचं आरोग्यस्नानगृह. 1847 पासून सरकारी इमारत निरीक्षक म्हणून नेमणूक झाली आणि मग कामं भराभर आली: होब्रो गावचं चर्च (1850–52), थिस्टेडचं नगरभवन (1853), नेस्टवेडचं नगरभवन, आज जर्मनीत असलेल्या फ्लेन्सबर्गमधलं प्रांतिक सभेचं सभागृह, आणि फ्रेडरिक्सबेरचं पशुवैद्यक व कृषी महाविद्यालय. हे शेवटचं त्यांच्या मृत्यूनंतर 1858 मध्ये पूर्ण झालं.

या इमारतींत ग्रीस जवळजवळ दिसत नाही. गावात भट्टीची वीट मिळते, गवंड्यांना विटेचं काम येतं, तर विटेतच बांधायचं आणि गिलाव्याखाली झाकायचं नाही, असा त्यांचा खाक्या. जुन्या डॅनिश गावचर्चांकडे आणि मध्ययुगीन वीटकामाकडे त्यांनी आदराने पाहिलं. पुढच्या पिढीतले हेरहोल्ट आणि त्यानंतरचे मार्टिन न्यूरॉप (कोपनहेगनचं नगरभवन, 1892–1905) यांनी हीच वाट रुंद केली.

मनोरुग्णालयाच्या कामाला एवढं महत्त्व का देता?

कारण त्याआधी डेन्मार्कमध्ये मानसिक आजार झालेल्या माणसाला बहुधा कोंडून ठेवत. गरिबांसाठीचं आश्रयगृह, तुरुंग, रुग्णालयाचा मागचा कोपरा, जिथे जागा असेल तिथे. हाराल्ड सेल्मर या डॉक्टरांनी या अवस्थेविरुद्ध आवाज उठवला. आजारी माणसाला मोकळी हवा, उजेड, काम आणि माणुसकीची वागणूक मिळाली तर तो बरा होऊ शकतो, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या या विचाराला इमारतीचं रूप देण्याचं काम बिंडेस्बॉल यांच्याकडे आलं.

ओऱ्हूस शहराबाहेर, रिसस्कोव्ह इथे, झाडी आणि खाडीच्या शेजारी 1852 मध्ये हे रुग्णालय सुरू झालं. याच कामासाठी मुद्दाम बांधलेलं डेन्मार्कमधलं हे पहिलं, आणि सेल्मर त्याचे पहिले मुख्य डॉक्टर. लांबच लांब पंख, मध्ये बागा आणि चौक, खिडकीतून बाहेरचं हिरवं दिसेल अशी मांडणी. पाठोपाठ वॉर्डिंगबोरजवळ ओरिंग्ये इथे दुसरं रुग्णालयही त्यांनीच आखलं. उजेड कुठून आणि किती यावा याचा जो विचार त्यांनी शिल्पांसाठी केला होता, तोच इथे आजारी माणसासाठी केला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

रिसस्कोव्हमध्ये दीडशेहून जास्त वर्षं रुग्ण राहिले. 2018 मध्ये रुग्णालय शहराच्या दुसऱ्या भागात नव्या इमारतीत गेलं.

ब्रुम्लेबी काय आहे?

1853 च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये कॉलरा आला. शहर तेव्हाही जुन्या तटबंदीच्या आत कोंबलेलं होतं. लष्करी नियमांमुळे तटाबाहेर पक्की घरं बांधता येत नसत, म्हणून आतलीच घरं वर चढत गेली, मागच्या अंगणांत चाळींसारखी बांधकामं उठली. एका खोलीत एक कुटुंब, एका विहिरीवर सगळा वाडा, संडासाची घाण शेजारीच. काही महिन्यांत सुमारे 4,700 माणसं मेली, सव्वा लाखाच्या आसपास वस्तीच्या शहरात.

डॉक्टरांना कारण दिसत होतं, जंतूचा शोध अजून पुढे होता तरी. एमिल होर्नेमान यांच्यासारखे स्वच्छतेसाठी झटणारे डॉक्टर आधीपासून ओरडून सांगत होते. साथीच्या दिवसांत डॉक्टरांच्या संघटनेने गरिबांना तटाबाहेरच्या माळावर तंबूंत हलवलं आणि साथ ओसरल्यावर तिथेच कायमची घरं बांधायचं ठरवलं. बांधकामाची रेषा 1852 मध्येच बाहेर सरकवली गेली होती, त्यामुळे ते शक्यही झालं. आराखडा केला बिंडेस्बॉल यांनी. हीच ब्रुम्लेबी वस्ती.

मांडणी पाहा. दोन मजली, लांबट, बसकी घरं, एकमेकांना समांतर. मध्ये रस्ता नाही, हिरवळीचे रुंद पट्टे. घराला दोन्ही बाजूंनी खिडक्या, म्हणजे हवा आरपार. अंगावर नक्षी नाही, पिवळा आणि पांढरा रंग, साधी कौलारू छपरं. आपल्याकडे झावबाच्या वाडीत किंवा गिरगावातल्या चाळीत राहिलेल्या कुणालाही दोन बाजूंच्या खिडकीची किंमत सांगावी लागणार नाही. पुढे वस्तीत स्नानगृह, बालवाडी, वाचनालय आणि सहकारी दुकानही आलं.

बिंडेस्बॉल यांच्या आराखड्याची घरं 1853 ते 1857 दरम्यान झाली. 1866 ते 1872 मध्ये विल्हेल्म क्लाइन यांनी त्याच धर्तीवर वस्ती वाढवली आणि एकूण घरं साडेपाचशेच्या आसपास गेली. डेन्मार्कमधल्या कामगार-गृहरचनेची ही सुरुवात मानतात. 1870 च्या दशकापासून कामगारांच्या बांधकाम संस्थेने उभारलेल्या, एका रांगेत जोडलेल्या घरांच्या गल्ल्या, आज कार्टोफेलरेकर्ने म्हणून प्रसिद्ध असलेल्या, याच विचाराच्या पुढच्या आहेत.

ती वस्ती आज शिल्लक आहे?

आहे, आणि लोक राहतात. 1959 मध्ये तिला वारसा म्हणून संरक्षण मिळालं. खोल्या लहान होत्या म्हणून नंतर शेजारची घरं जोडून मोठी केली, त्यामुळे घरांची संख्या निम्म्याहून खाली आली.

हाच माणूस इतक्या वेगळ्या तऱ्हेच्या इमारती कशा बांधत होता? त्यांची "शैली" कोणती?

परीक्षेत विचारला जाणारा हा प्रश्न आहे आणि एका शब्दात उत्तर दिलं की गुण मिळतात: नवअभिजातवादाकडून (प्राचीन ग्रीक-रोमन धर्तीकडून) राष्ट्रीय-ऐतिहासिक शैलीकडे (देशाच्या जुन्या बांधकामांच्या धर्तीकडे). ते चूक नाही. पण त्यांच्या इमारती एका ओळीत मांडून पाहिल्या तर वेगळीच गोष्ट दिसते. ते आधी विचारतात: इथे कोण येणार, कशासाठी, उजेड कुठून येणार, गावात काय मिळतं, पैसा किती. मग आकार. संग्रहालयात पैसा आणि मान दोन्ही होते म्हणून रंगांची उधळण झाली. ब्रुम्लेबीत दोन्ही नव्हते म्हणून दोन रंग आणि भरपूर हवा. विचार करण्याची तऱ्हा मात्र तीच. गिरण्या उभारायला शिकलेल्या माणसाची ती तऱ्हा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

त्यांचा पुढे कुणावर प्रभाव पडला?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तरुण डॅनिश वास्तुरचनाकारांनी त्यांना पुन्हा शोधून काढलं. कार्ल पीटरसेन यांनी फुनेन बेटावर बांधलेलं फोबोर संग्रहालय (1912–15) हे तर उघड उघड बिंडेस्बॉल यांना केलेलं वंदन आहे: गडद रंगांच्या खोल्या, प्रत्येकीत निराळी फरशी, वरून येणारा उजेड. थोरवाल्डसेन संग्रहालय पाहिल्यावर सवड असेल तर हेही पाहा, दोन्हींचं नातं न सांगता कळतं.

बिअरच्या बाटलीच्या लेबलाशी जोडलं जाणारं बिंडेस्बॉल हे नाव यांचंच का?

नाही, ते त्यांच्या मुलाचं. थोरवाल्ड बिंडेस्बॉल (1846–1908) हेही वास्तुरचनाकार म्हणून शिकले, पण नाव झालं मातीची भांडी, चांदीकाम आणि सजावटीमुळे. कार्ल्सबर्ग या डॅनिश बिअरचं 1904 मधलं लेबल त्यांनी केलं आणि आजचं बोधचिन्ह त्यातल्याच वळणदार अक्षरांवरून आलं आहे. मुलगी योहाने बिंडेस्बॉल (1851–1934) वस्त्रकलेत नावाजलेली. कोपनहेगनमध्ये क्रिस्टियाने कॉन्स्टँटिन-हान्सेन यांच्यासोबत तिने भरतकामाचं दुकान चालवलं. क्रिस्टियाने ही रोमचं ते चित्र काढणाऱ्या कॉन्स्टँटिन हान्सेन यांची मुलगी. वडिलांची मैत्री मुलींनी अशी पुढे नेली.

कोपनहेगनमध्ये एकच दिवस असेल तर काय करावं?

सकाळी गामेल स्ट्रांड या मेट्रो स्थानकावर उतरा. कालव्यापलीकडे पिवळी भिंत आणि तिच्यावरची चित्रं समोरच दिसतात. लगेच आत जाऊ नका. आधी इमारतीला पूर्ण फेरी मारा, मग आत शिरा. आतली ख्रिस्त आणि बारा शिष्यांची मोठी प्लास्टर शिल्पं पाहून झाली की दहा मिनिटं चालत मुख्य चर्चमध्ये जा. तिथे त्याच शिल्पांच्या संगमरवरी मूर्ती सी. एफ. हान्सेन यांच्या फिक्या, गंभीर भिंतींपुढे उभ्या आहेत. रंगाच्या वादात तुम्ही कुठल्या बाजूचे, ते तिथे तुमचं तुम्हीच ठरवा.

दुपारनंतर मेट्रोनेच ट्रायअँगलनला जा. पार्केन या फुटबॉल मैदानाला लागून ब्रुम्लेबी आहे. तिकीट नाही, दार नाही. ही लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा खिडक्यांत डोकावणं आणि माणसांचे फोटो काढणं टाळा. मधल्या हिरव्या पट्ट्यांतून चालायला कुणाची हरकत नसते. सामन्याच्या दिवशी मात्र या भागात खूप गर्दी असते, ते आधी पाहून निघा.